मुळापासून बांधलेला पायथन : एक परीक्षण

शाळेत प्रोग्रॅमिंग शिकवताना आपण मुलांपुढे तयार भाषा ठेवतो. चिन्हावर टिचकी मारली की पायथन उघडतो. तो कशाचा बनला आहे, हा प्रश्न मुलांना पडत नाही आणि आपल्यालाही. म्हणून बेलवलीत आम्ही काही मुलांना बरोबर घेऊन तो मुळापासून बांधून पाहिला. यंत्र होते रास्पबेरी पाय ३ : तळहातावर मावणारे, १ गिगाबाइट स्मृतीचे, लिनक्सवर चालणारे. त्या अनुभवावरून या पद्धतीचे गुणदोष येथे मांडत आहोत.

गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली जाहीर केलेल्या या भाषेची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही विनामूल्य मिळते. तिचा गाभा सी भाषेत आहे. बांधणीचे टप्पे तीन. 'कॉन्फिगर' यंत्राची चौकशी करते : कंपायलर आहे का, अमुक लायब्ररी आहे का. 'मेक' सी भाषेतल्या फायलींचे यंत्रभाषेत रूपांतर करून त्या जोडते. 'मेक इन्स्टॉल' तयार वस्तू जागेवर नेऊन ठेवते.

यातला खरा शिक्षक 'मेक'. स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ साली बेल प्रयोगशाळेत लिहिला. त्याचा नियम साधा आहे. मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फायलीपेक्षा नवी असेल, तरच काम पुन्हा करायचे. आमची बांधणी अर्ध्यावर असताना वीज गेली. आता सगळे पहिल्यापासून, असे मुलांना वाटले. पण वीज आल्यावर 'मेक' उरलेल्या कामालाच लागला. मात्र त्याने एक तक्रार केली : काही फायलींची वेळ भविष्यकाळातली आहे! असे का व्हावे? या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. ते वेळ इंटरनेटवरून घेते, आणि इंटरनेट नसले तर शेवटची नोंदलेली वेळ धरून चालू होते. म्हणजे घड्याळ मागे पडले होते. मुलांनी हे शोधून काढले आणि वेळ हाताने लावली. वीज गेली त्या क्षणी अर्धवट लिहिली गेलेली फाइल मात्र 'मेक'ला पूर्णच वाटू शकते. त्यामुळे 'मेक क्लीन' करून पुन्हा बांधणे अधिक सुरक्षित, हेही तेव्हाच सांगता आले.

आता दोष. बांधणी तक्रारीविना संपली. मुलांना कासव चालवून चित्र काढायचे होते. हे कासव १९६०च्या दशकातल्या लोगो भाषेकडून पायथनकडे आले आहे. ते चालेना. 'टीकेइंटर' नावाचा भाग सापडत नाही, असा निरोप आला. हा भाग बांधण्यासाठी लागणाऱ्या टीके लायब्ररीच्या फायली यंत्रावर नव्हत्या. बांधणीच्या शेवटी काही ऐच्छिक भाग बनले नाहीत, अशी सूचना आली होती. पण ती इंग्रजीत, शेकडो ओळींच्या गर्दीत, आणि एकूण निकाल यशस्वी! एका विषयाला गैरहजर असलेल्या मुलाला उत्तीर्ण ठरवावे आणि शेरा प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहावा, तसे हे झाले. जाणकाराला ही सवलत सोयीची असते. शिकणाऱ्याला ती फसवते, कारण चूक एका ठिकाणी होते आणि कळते दुसऱ्याच ठिकाणी. आमच्या मते या पद्धतीतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

यावर कोणी म्हणेल, एका आज्ञेत तयार पायथन मिळत असताना हा खटाटोप कशाला? रोजच्या तासाला तयारच वापरावा, हे आम्हालाही मान्य आहे. पण वर्षातून एकदा तरी मुलांनी हे काम करावे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला जाते कसे फिरते ते दिसत नाही.

करून पाहणाऱ्या शिक्षकांना तीन सूचना. यंत्रातला मूळ पायथन बिघडू नये म्हणून 'मेक ऑल्टइन्स्टॉल' वापरा. बांधणीचे सगळे निरोप एका फायलीत साठवा आणि शेवटच्या ओळी मुलांकडून मोठ्याने वाचून, मराठीत सांगून घ्या. प्रत्येक अडचण, तिच्या कारणाचा अंदाज आणि केलेला उपाय वहीत लिहायला लावा. लिनक्स आणि सी यांची तोंडओळख हवी असेल, तर मुंबईच्या आय. आय. टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ उपयोगी पडतील.

टीकेच्या फायली आणून आम्ही पायथन पुन्हा बांधला. कासवाने चौकोन काढला. तो कसा निघाला हे सांगताना मुलांनी सुरुवात वीज गेली तिथून केली.