शिस्त की बहिष्कार? : ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

बुलढाणा जिल्ह्यातील आमची कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. अमरावती धर्मप्रांताच्या या भागात चर्च हे उपासनेचे स्थान आहे, तसेच सोयरिकीचे आणि सुखदुःखाचेही. अशा लहानशा समुदायात कुणाचे पाऊल घसरले, की एकतर ते झाकले जाते, नाहीतर त्या माणसाला वाळीत टाकले जाते. या दोहोंहून वेगळी अशी ख्रिस्ती शिस्त असते काय? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली.

या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. माहेरी वडिलांच्या सोवळ्याचा धाक, हे त्यातील शिस्तीचे पहिले रूप. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर झालेली ताटातूट, हे दुसरे. तिसरे रूप मात्र निराळे आहे. पुन्हा एकत्र आल्यावर टिळकांनी पत्नीचे सोवळे बळाने मोडले नाही; तिच्या वेगळ्या अन्नपाण्याची सोय राखली. जातिभेद देवाने निर्मिलेला नाही, हे तिला स्वतःला उमगले तेव्हा तिने तो टाकला. पुढे १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला.

लेखिका स्वतःच्या सोवळ्यालाही हसते. परंतु त्या हसण्यात कुणाचा अपमान नाही. पालट बाहेरून लादलेला नसून आतून उमललेला आहे, हे ती उपदेशाविना दाखवते. यातच या ग्रंथाचे मोठेपण आहे.

तथापि त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या सोवळ्यासाठी वाट पाहता आली. जिथे एकाच्या वर्तनाने दुसऱ्याचे, विशेषतः दुबळ्याचे, नुकसान होते, तिथे केवळ वाट पाहणे हा अन्याय ठरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली धर्मसभेच्या कायद्यातील दंडविषयक भाग सुधारला, तो याच जाणिवेतून. त्या कायद्यानुसार बंधुभावाची समज आणि ताकीद अपुरी पडली, तर दंडाची कारवाई करायची. हेतू तीन: न्यायाची पुनःस्थापना, अपराध्याची सुधारणा आणि समाजाला बसलेल्या धक्क्याचे निवारण.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने दिलेला क्रम सर्वांना ठाऊक आहे: आधी एकांतात, मग एकदोघांसह, शेवटी मंडळीपुढे. आम्ही तो उलटा करतो. आधी चर्चच्या आवारात कुजबुज, मग घराघरांत निवाडा. ज्याच्याशी बोलायचे, त्याच्याशी कुणीच बोलत नाही. त्यातही गरिबाची चूक चव्हाट्यावर येते आणि वजनदार माणसाची पडद्याआड राहते. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१७ पासून कायद्याने गुन्हा आहे. जे जातपंचायतीला शोभत नाही, ते ख्रिस्तसभेला कसे शोभेल?

आमच्या नाताळातील नाटिका आणि कथाही याच दोषाने दुबळ्या होतात. पापी पडतो, शिक्षा भोगतो, पडदा पडतो. संत पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात कठोर होण्यास सांगतो. दुसऱ्या पत्रात मात्र दंड झालेल्याला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असे बजावतो. आमच्या लेखकांनी पहिले पत्र वाचले आहे. दुसरे वाचायचे राहिले आहे.

आमच्या मंडळींनीही ते वाचावे. परतीची वाट मोकळी न ठेवणाऱ्या शिस्तीला आम्ही ख्रिस्ती म्हणणार नाही. आणि जखमी झालेल्याला न विचारता दिलेल्या क्षमेलाही नाही.