मार्साला व्हेर्जिने: एका छोट्या पेल्याचे रसग्रहण

तोंडाशी निमुळता होत गेलेला छोटा पेला, त्यात जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी ओतलेली मार्साला व्हेर्जिने ही सिसिलीची वाइन, आणि पाठीमागे एखादे पांढरे कापड. रसास्वादाला एवढी तयारी पुरते. आपण पेला किंचित तिरपा धरावा आणि आधी नुसते पाहावे. मध्यभागी जुन्या सोन्याची, तांबूसपणाकडे झुकलेली गडद छटा असते; कडेशी येता येता ती विरळ, जवळजवळ पारदर्शक होते. हा रंग द्राक्षांनी दिलेला नाही. ग्रिल्लो, कातारात्तो आणि इन्झोलिया ही सिसिलीच्या पश्चिम टोकाची पांढरी द्राक्षे. त्यांची ताजी वाइन फिकट पिवळी असते. स्वस्त, गोड मार्सालाच्या काही प्रकारांत आटवलेला द्राक्षरस घालून रंग गडद करतात, पण व्हेर्जिनेला ती मुभाच नाही. ओकच्या पिंपात हवेच्या सहवासात काढलेल्या वर्षांनी जे सोने दिले, तेवढेच तिचे.

या हवेपाशी थोडे थांबायला हवे. एरवी वाइन करणारा माणूस हवेला शत्रू मानतो आणि पिंप काठोकाठ भरून ठेवतो. मार्सालाच्या कोठारांत मात्र पिंपे मुद्दामच थोडी रिती ठेवतात. वाइनचा काही अंश लाकडातून उडून जातो, उरलेली दाट होते, आणि हवा तिच्याशी संथपणे संवाद करत राहते. त्या संवादाचे फळ आपल्याला पेला नाकाशी नेताच मिळते. आधी भाजलेला बदाम येतो, मग सुकवलेली जर्दाळू, संत्र्याची वाळलेली साल, जुन्या लाकडाचा गंभीर सुगंध; आणि या सर्वांच्या तळाशी, घाई न करणाऱ्यालाच सापडणारी, गोडसर-कडवट अशी एक ओळखीची झाक. मराठी नाकाला ती चटकन उमगावी, कारण ती मेथीची आहे. हवेच्या संगतीत जुन्या होणाऱ्या मद्यांत सोटोलॉन नावाचे संयुग तयार होते आणि मेथीदाण्याच्या गंधाचे मर्मही तेच संयुग आहे. दूरच्या बेटावरच्या पिंपात पिकलेला आणि आपल्या मिसळणाच्या डब्यातून रोज दरवळणारा गंध मुळात एकच असावा, यासारखा आनंद रसिकाला क्वचित लाभतो.

आता घोट. तो लहान घ्यावा आणि जिभेवर क्षणभर फिरू द्यावा. एवढ्या मधुर गंधानंतर आपण गोडव्याची वाट पाहत असतो, आणि नेमका तोच येत नाही. द्राक्षरस पूर्ण आंबून त्यातली साखर जवळजवळ संपल्यावरच व्हेर्जिनेत द्राक्षाचा मद्यार्क मिसळतात. म्हणून ती कोरडी असते, आणि किमान 18 टक्के मद्यार्क असूनही घशाला बोचत नाही. गंधाने दिलेले वचन चवीने असे वळवून घ्यावे, यातच मला या मद्याची सगळी प्रतिभा दिसते. मागोमाग एक तरतरीत आंबटपणा येतो आणि शेवटी एक खारट रेष, जी घोट गिळल्यावरही बराच वेळ मागे राहते. मार्साला शहराच्या उत्तरेला स्तान्योनेची उथळ खाडी आहे, तिच्या काठाने मिठागरे आणि पवनचक्क्या आहेत, आणि तोच समुद्री वारा आसपासच्या द्राक्षमळ्यांतूनही फिरतो. तो भूगोल मनाशी असला की ही रेष आणखी रुचते.

इतिहास सांगणारे बहुधा 1773 पासून सुरुवात करतात. जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने इथल्या वाइनमध्ये मद्यार्क मिसळून ती समुद्रमार्गे इंग्लंडला धाडली. पुढे ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या आरमारात ती पोहोचली, आणि 1833 मध्ये विन्चेन्झो फ्लोरिओ हा इटालियन उद्योजक या धंद्यात उतरला. हे सारे खरे आहे, पण माझे मन रमते ते त्याहून जुन्या रीतीत. सिसिलीतली शेतकरी कुटुंबे एक पिंप कायमचे राखून ठेवत. त्यातून हवी तेवढी वाइन काढायची आणि तेवढीच नव्या हंगामाची भरायची, म्हणजे पिंप कधी रिते होत नाही आणि आजोबांच्या काळचा थेंब नातवाच्या पेल्यातही राहतो. ही रीत पुन्हा मानाला आणली मार्सालाचे वाइन-निर्माते मार्को दे बार्तोली यांनी. त्यांच्या ‘वेक्कियो साम्पेरी’त मद्यार्क मिसळलेला नाही, म्हणून नियमाप्रमाणे तिला मार्साला म्हणता येत नाही, तरीही मार्सालाचा आत्मा समजून घ्यायचा असेल तर ती चाखावीच.

विसाव्या शतकात या नावाची बरीच परवड झाली. अंडे, कॉफी अशा स्वादांच्या बाटल्या मार्साला म्हणून विकल्या गेल्या, आणि जगाने तिला स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवले. 1984 च्या कायद्याने नियम कडक केले. आज ‘फिने’ला किमान एक वर्ष, ‘सुपेरिओरे’ला दोन, ‘व्हेर्जिने’ला पाच आणि तिच्या ‘रिझेर्वा’ला दहा वर्षे मुरावे लागते. झाबाल्योनेसारख्या अंड्याच्या गोड पदार्थात सुपेरिओरे शोभून दिसते, यात शंका नाही. पण तेवढ्यावरून मार्सालाची पारख करणे तिच्यावर अन्याय आहे.

बाटलीवर ‘व्हेर्जिने’ शब्द पाहूनच ती निवडावी. बारा-चौदा अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी, सोबत खारे बदाम किंवा जुने पेकोरिनो चीज असावे, आणि पेला लहानच असावा. उघडलेली बाटली बूच लावून थंड जागी ठेवली तर कित्येक आठवडे उत्तम राहते. तेव्हा ती संपवण्याची घाई मुळीच करू नये.