न झालेल्या लढतीच्या पापाचा धनी

ठरत आलेले लग्न मोडले की दोन्ही घरच्या माणसांना पुढे कित्येक दिवस एकच उद्योग उरतो. लग्न आमच्याकडून मोडले नाही, एवढे चारचौघांना पटवून द्यायचे. मानपानाची गोष्ट पहिल्यांदा कोणी काढली, निरोप कोणी उशिरा पाठवला, कोणाच्या मामाने बैठकीत वाकडा शब्द टाकला, याची उजळणी चालते. आणि ज्यांना त्या लग्नाची पत्रिकाही आली नसती असे शेजारीसुद्धा तावातावाने एकेक पक्ष उचलून धरतात. मुष्टियुद्धाच्या जगात असे एक लग्न २०१० सालच्या जानेवारीत मोडले. ते कोणी मोडले, याचा वाद त्या खेळाच्या शौकिनांत अजून मिटलेला नाही. झालेल्या लढतीचे परीक्षण सगळेच करतात. न झालेल्या लढतीवर शौकिनांनी जे भाष्य रचले, त्याचेही एकदा परीक्षण व्हावे असे मला वाटते. कारण एखाद्या दुर्घटनेचा दोष आपण कसा वाटतो, हे त्यात फार स्वच्छ दिसते.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी आधी वधूवरांची, म्हणजे दोन मल्लांची, ओळख करून देतो. अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर हा तोवर ४० लढतींत एकदाही हरलेला नव्हता. त्याची कला बचावाची. डावा खांदा पुढे करून हनुवटी त्याच्यामागे दडवायची, समोरच्याचा ठोसा खांद्यावरून घसरू द्यायचा, आणि तो सावरायच्या आत उजवा हात मारायचा. फिलिपाइन्सचा मॅनी पॅकियाओ हा डावखोरा आणि सगळा आक्रमणाचा पुतळा. १९९८ साली ११२ पौंडांच्या गटात तो जगज्जेता झाला आणि चढत चढत १४७ पौंडांच्या वेल्टरवेट गटापर्यंत आला. डिसेंबर २००८ मध्ये त्याने ऑस्कर दे ला होयाला, मे २००९ मध्ये रिकी हॅटनला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मिगेल कोट्टोला लोळवले. एक ढाल, एक तलवार, दोन्ही आपापल्या ऐन भरात, दोन्ही एकाच वजनाची. यांची गाठ पडावी असे शौकिनांना वाटले, यात त्यांचे काय चुकले?

गाठ पडणारही होती. १३ मार्च २०१० ही तारीख धरली होती. मिळकतीची वाटणी निम्मी निम्मी ठरली. वजन वाढले तर दर पौंडामागे १ कोटी डॉलर दंड, इथपर्यंत कलमे झाल्याचे वृत्त होते. मग मेवेदरच्या बाजूने एक अट आली. दोघांच्याही रक्ताची तपासणी, केव्हाही, न सांगता, ऑलिंपिकच्या धर्तीवर अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडून व्हावी. अशी तपासणी नेवाडा राज्याच्या नियमांत सक्तीची नव्हती, आणि पॅकियाओ कुठल्याही चाचणीत कधी दोषी ठरलेला नव्हता. अटीत गर्भित आरोप होता, तो त्याला झोंबला. शिवाय २००५ साली एरिक मोरालेसकडून झालेल्या पराभवाआधी रक्त काढल्याने आपल्याला अशक्तपणा आला होता, असे त्याचे सांगणे होते. त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. निवृत्त न्यायाधीश डॅनियल वाइन्स्टाइन मध्यस्थीला बसले. एका बाजूचे म्हणणे, लढतीआधी १४ दिवसांपर्यंत रक्त काढू द्या. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, २४ दिवसांनंतर काढायचे नाही. मधले अंतर १० दिवसांचे होते. त्या १० दिवसांत लढत बुडाली.

आता शौकिनांनी यावर काय रचले ते पाहा. कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या सवयीने मला त्यांच्या वादात दोन कादंबऱ्या दिसतात. प्रसंग दोन्हींत तेच, क्रमही तोच; फक्त खलनायकाची पगडी एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेली. पहिल्या कादंबरीत मेवेदर भित्रा आहे. आपला शून्य पराभवांचा आकडा त्याला जिवापलीकडे प्रिय आहे; म्हणून ऐन वेळी त्याने अशी अट काढली की समोरचा स्वाभिमानाने उठून जावा. दुसऱ्या कादंबरीत पॅकियाओ चोर आहे. ज्याला लपवायचे काही नाही तो चार थेंब रक्ताला का नाही म्हणेल? दोन्ही कथानके पक्की बांधलेली आहेत, आणि दोन्हींत एकच दोष आहे. त्यांतल्या पात्रांच्या मनात काय होते हे लेखकाला आधीच ठाऊक आहे! भीती आणि चोरी या दोन्ही गोष्टी मनातल्या किंवा अंधारातल्या. त्यांचा पुरावा कोणापाशी नाही. म्हणूनच हा वाद संपत नाही. पुरावा असता तर तो आठवड्यात संपला असता.

दुसरा दोष कालक्रमाचा आहे, आणि समीक्षक म्हणून मला तो अधिक खटकतो. शौकीन 'लढत मोडली' असे एकवचनी बोलतात. वास्तविक ती एकदा मोडली नाही. जानेवारी २०१० मध्ये ती चाचणीवरून मोडली. त्याच वर्षी जुलैत पुन्हा बोलणी मोडल्याचे जाहीर झाले. पॅकियाओचा प्रमोटर बॉब ॲरम म्हणाला, आमच्याकडून सगळे ठरले होते. मेवेदरचा व्यवस्थापक लेनर्ड एलर्बी म्हणाला, बोलणी कधी झालीच नाहीत. एचबीओ दूरचित्रवाणीचे रॉस ग्रीनबर्ग म्हणाले, झाली, मी स्वतः दोन्हीकडच्यांशी बोलत होतो! जी बोलणी झाली की नाही याबद्दलच तीन कर्त्या माणसांचे एकमत नाही, ती कोणी मोडली हे ठरवायला आपण बसलो आहोत. पुढे जानेवारी २०१२ मध्ये मेवेदरने पॅकियाओला स्वतः दूरध्वनी केला आणि ४ कोटी डॉलर देऊ केले. मात्र दूरचित्रवाणीच्या विक्रीत वाटा नाही, असे सांगून. ती बोलणीही फिसकटली.

या प्रत्येक वेळचा हिशेब वेगळा मांडला तर उत्तर पुष्कळसे निघते. 'दोघांचेही चुकले' असे गुळमुळीत बोलून मी सुटू इच्छित नाही. पहिल्या वेळी अट घालणाराने नियमांबाहेर मागणी केली आणि ती आरोपाच्या सुरात केली, हे खरे. पण ती दोघांनाही सारखीच लागू होती. मे २०१० मध्ये शेन मोस्लीशी लढताना मेवेदरने स्वतः ती पाळली. आणि पुढे पॅकियाओनेही तशाच तपासणीला मान्यता दिली. जे पुढे मानता आले ते तेव्हाही मानता आले असते. म्हणून पहिल्या वेळच्या दोषाचा मोठा वाटा मी पॅकियाओच्या बाजूला देतो. २०१२ च्या वेळी मात्र निम्म्या वाटणीवरून माणसाला रोजंदारीवर बोलावण्याचा प्रकार झाला, तो दोष मेवेदरचा. 'दूरचित्रवाणी कंपन्यांनी लढत मोडली' असे म्हणणारा एक तिसरा पंथ आहे. त्याने एवढे लक्षात घ्यावे की २०१० साली दोघांचेही सामने एचबीओच दाखवत असे. मेवेदर शोटाइमकडे गेला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये. २०१३ ची अडचण २०१० च्या माथी मारता येत नाही.

पण हा हिशेब पुरा झाल्यावर मला चुटपुट लागून राहते. शाळेत दोन मुलांची मारामारी सोडवताना 'सुरुवात कोणी केली?' असे मी वर्षानुवर्षे विचारत आलो. उत्तर मिळते, शिक्षाही होते, आणि पुढच्या आठवड्यात त्याच नळापाशी त्याच वेळी आणखी दोघे भांडतात. कारण नळ एक आणि सुट्टी दहा मिनिटांची, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

मुष्टियुद्धातला हा 'नळ' कोणता, ते सांगतो. इतर खेळांत वेळापत्रक असते. फुटबॉलच्या विश्वचषकात उपांत्य फेरी जिंकणाऱ्या संघाला अंतिम सामना खेळावाच लागतो. वाटणीवरून रुसता येत नाही. मुष्टियुद्धात जगज्जेतेपद देणाऱ्या मोठ्या संस्थाच चार आहेत, प्रत्येकीचा पट्टा निराळा. त्या आव्हानवीर नेमतात, पण दोन सर्वोत्तम माणसांना समोरासमोर उभे करण्याचा अधिकार कोणा एकीपाशी नाही. मल्ल प्रमोटरशी बांधलेला, प्रमोटर दूरचित्रवाणीशी. त्यात मागची वैरे मिसळलेली. मेवेदर पूर्वी या ॲरमचाच मल्ल होता. २००६ साली साडेसात लाख डॉलर मोजून तो त्या करारातून सुटला होता. लढत घडवणे कोणाचेच कर्तव्य नव्हते. मोडण्याची मुभा मात्र सगळ्यांना होती.

एकाच माणसाला खलनायक केले की असा 'नळ' सुटून जातो, याचा फार कडू दाखला या खेळाच्या इतिहासात आहे. १९२०च्या दशकात जॅक डेम्प्सी हा हेवीवेट जगज्जेता होता आणि हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मल्ल त्याचा योग्य प्रतिस्पर्धी. १९२२ साली करारावर दोघांच्या सह्याही झाल्या. लढत झाली नाही. १९२६ साली न्यूयॉर्कच्या आयोगाने, आधी विल्सशी लढ, असा आग्रह धरला. तेव्हा प्रमोटर टेक्स रिकार्डने डेम्प्सीची जीन टनीशी ठरवलेली लढत फिलाडेल्फियाला हलवली. डेम्प्सी विल्सला भ्याला की काय, यावर शौकिनांनी पिढ्यान् पिढ्या काथ्याकूट केला. डेम्प्सी भ्याला नसेलही. १९१० साली जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय जगज्जेत्याने रीनो येथे गोऱ्या जेफ्रीजला हरवले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली होऊन माणसे मेली होती. ती लढत भरवणारा हाच रिकार्ड होता. पुन्हा काळ्या माणसाला त्या सिंहासनाजवळ येऊ द्यायचे नाही, ही त्या समाजाचीच इच्छा होती. एका डेम्प्सीवर भित्रेपणाचा शिक्का मारला की बाकीचे सगळे हात झटकून मोकळे होतात. विल्सला जगज्जेतेपदाची लढत अखेरपर्यंत मिळाली नाही.

मेवेदर आणि पॅकियाओ यांच्या गोष्टीत असा अन्याय नाही. त्यांचे तर भलेच झाले. जानेवारी २०१५ मध्ये मायामीत एका बास्केटबॉल सामन्याला दोघे योगायोगाने भेटले, बोलले, आणि २ मे २०१५ रोजी लास व्हेगासला लढत झाली. वाटणी आता ६० आणि ४० अशी होती. घरबसल्या लढत पाहण्यासाठी सुमारे ९० ते १०० डॉलर आकार होता. तो ४६ लाख घरांनी भरला. त्याआधीचा, २००७ सालचा, विक्रम सुमारे २४ लाखांचा होता. एवढी भूक एका दिवसात लागत नाही. पाच वर्षे शौकीन जो वाद घालत होते, भित्रा कोण आणि चोर कोण म्हणून एकमेकांवर तुटून पडत होते, तो वाद हीच या लढतीची दवंडी होती. फुकटची दवंडी! पिटणाऱ्यांनी ती पिटली आणि वर तिकिटाचे पैसेही भरले.

आणि पाहिले काय? मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाओ ३६ वर्षांचा. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, मार्केझच्या एका ठोशाने पॅकियाओ तोंडघशी पडून निपचित झाला होता. बारा फेऱ्या झाल्या. कोणी पडले नाही. मेवेदरचे १४८ ठोसे लागले, पॅकियाओचे ८१. तिन्ही पंचांनी मेवेदरला कौल दिला. नंतर कळले की पॅकियाओचा उजवा खांदा सरावातच दुखावलेला होता. चिडलेल्या ग्राहकांनी दावे लावले. २०१९ साली अपील न्यायालयाने ते निकालात काढले. तुम्ही पूर्ण लांबीच्या लढतीचे पैसे दिले आणि पूर्ण लांबीची लढत पाहिली, असा त्याचा आशय होता. कायद्याने ते बरोबरच आहे. रसिकाच्या तक्रारीला कायद्यात कलम नसते.

ती तक्रार काय होती, हे शौकिनांना स्वतःलाही नीट सांगता आले नाही, हेच मला त्यांच्या टीकेचे खरे अपयश वाटते. नाटक पाच वर्षे पेटीत पडून राहिले तरी त्याची संहिता तीच राहते. माणसाच्या शरीराने रचलेली कला अशी पेटीत ठेवता येत नाही. २०१० ची ढाल आणि २०१० ची तलवार २०१५ साली कोणालाच आणता येणार नव्हती. जगातले सगळे डॉलर ओतूनही नाही. आक्रमण श्रेष्ठ की बचाव, हा त्या खेळातला जुना आणि सुंदर प्रश्न होता. त्याचे उत्तर देऊ शकणारी दोन शरीरे एका वेळी, एका वजनात, एका देशात उभी होती, आणि १० दिवसांच्या घासाघिशीत ती वेळ निघून गेली. मल्लांना पैसा मिळाला, प्रमोटरांना मिळाला, दूरचित्रवाणीला मिळाला. ज्यांचे गेले ते फक्त पाहणाऱ्यांचे.

म्हणून त्या शौकिनांना हसावेसे मला वाटत नाही. ते भांडले, कारण त्यांना ती लढत मनापासून हवी होती. व्यवहारात गुंतलेल्यांपैकी कितीजणांना ती तशी हवी होती, कोण जाणे. फक्त त्यांनी आपले भांडण चुकीच्या दारी नेले. पापाचा धनी शोधण्यात पाच वर्षे घालवण्याऐवजी त्यांनी एकजुटीने एवढेच विचारायला हवे होते की, अशी लढत घडवून आणणे हे कोणाचे तरी कर्तव्य का नाही? मोडलेल्या लग्नात शेजाऱ्यांनी कोणाचा पक्ष घ्यावा हे ज्याने त्याने ठरवावे. पण मुहूर्त टळला याचे वाईट वाटणारे फक्त शेजारीच उरले, तर ते लग्न दोन्ही घरांना खरोखर करायचे होते का, एवढी शंका घेण्याचा हक्क त्यांना आहे.