काळ्या पोवळ्याची बिऱ्हाडं

काळं पोवळं जिवंत असताना काळं नसतं. कुठे ते पांढरंशुभ्र असतं, कुठे पिवळं, कुठे केशरी, तांबूस किंवा हिरवट. काळा असतो तो आतला दांडा, आणि तो दिसायला आधी वरचा जीव जावा लागतो. जपमाळेत, अंगठीत, काचेच्या चौकटीत आपण पाहतो तो हा दांडा. तोही देखणा आहे, पण त्याच्यावरून काळ्या पोवळ्याची पारख करता येत नाही. रसिकाने सुरुवात करावी ती दांड्यावर पसरलेल्या पातळ, रंगीत सालीपासून.

ही साल म्हणजे शेकडो-हजारो पॉलिप. एकेक पॉलिप बहुतेक वेळा एक-दोन मिलिमीटरचा, मधे तोंड आणि भोवती सहा बोटं. समुद्रपंखा हा पोवळ्याचाच पंख्यासारखा नातेवाईक; त्याच्या पॉलिपला आठ बोटं असतात, दोन्ही कडांना नाजूक झालर असलेली, आणि धक्का लागला की तो अंग चोरून आत शिरतो. काळ्या पोवळ्याची बोटं साधी, बोथट, बिनझालरीची. त्याला पुरतं आत जाताही येत नाही. पाणी येईल तसं अंगावर घेत ते उघडंच राहतं. चित्रफीत थांबवून, मागे नेऊन मी हे पॉलिप पुन्हा पुन्हा पाहतो, आणि दर वेळी मला या सहा बोटांचा साधेपणा झालरीपेक्षा जास्त आवडतो. इथे सजावट पॉलिपकडे नाही, ती झाडाच्या एकूण आकारात आहे.

तो आकार प्रवाहाने घडवलेला असतो. उथळ पाण्यातल्या खडकाळ पोवळ्यांच्या पेशींत शैवाल राहतं आणि उन्हावर अन्न शिजवून यजमानाला वाटा देतं. काळ्या पोवळ्याचं सारं पोट वाहत येणाऱ्या सूक्ष्म जीवांवर. त्याला ऊन नको, पाणी वाहतं हवं. म्हणून त्याच्या पंख्यासारख्या जाती प्रवाहाला आडव्या उभ्या राहतात, सगळ्या फांद्या एका पातळीत, एकमेकींच्या आड न येता. काही जाती झुडपासारख्या चहूबाजूंनी फुटतात, तर काहींना फांदीच नसते, मीटर-दोन मीटरची एकच तार पाण्यात सरळ किंवा वळसे घेत उभी. दांडा प्रथिनं आणि कायटिन यांचा, कायटिन म्हणजे खेकड्याच्या कवचातलं द्रव्य. लाल पोवळ्यासारखा तो चुन्याचा नसतो, त्यामुळे तो वाकतो. आणि भिंग लावून पाहिलं तर त्याच्यावर बारीक काट्यांच्या ओळी दिसतात. जातीजातीत काट्यांची उंची, टोक, त्यांच्यातलं अंतर वेगळं असतं. शास्त्रज्ञ जात ओळखतात ती मुख्यत्वे या काट्यांवरून. दोन हातांवरून झुडूप दिसतं, भिंगाखाली शिस्त दिसते.

काळ्या पोवळ्यांच्या तीनशेच्या आसपास जाती माहीत आहेत. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पन्नास मीटरांच्या खाली राहतात, आणि काही तर आठ किलोमीटरहून खोल सापडल्या आहेत.

मी हे लिहितो आहे हरणीत, म्हणजे बडोद्याच्या विमानतळाकडच्या, भीडभंजन मारुतीच्या अंगाला. इथून समुद्र नकाशावर फार लांब नाही. पावागडाहून निघालेली विश्वामित्री शहरातून वळणं घेत ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जातं. पण तो समुद्र पोवळ्याचा नव्हे. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या वर जातो आणि मही, नर्मदा, तापी, साबरमती यांचा गाळ दिवसातून दोनदा ढवळून निघतो. अंधाराचं काळ्या पोवळ्याला वावडं नाही, गाळाचं आहे. त्याच्या पिल्लाला रुजायला कठीण, स्वच्छ खडक लागतो, आणि उघड्या बोटांवर चिखल बसला की ती उपाशी राहतात. बडोद्याच्या वाट्याला खंभातचा समुद्र येतो तो निराळ्या रूपात. 1944 साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा इथल्या वस्तुसंग्रहालयात आहे. लहानपणी तो पाहिलेल्या माणसाला समुद्र म्हटलं की आधी हाडं आठवतात.

मात्र बडोदा संस्थानाचा आणखी एक समुद्र होता. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकावरचं ओखामंडळ, द्वारका आणि बेट-द्वारकेसकट, गायकवाडांच्या ताब्यात होतं. तिथल्या पाण्यात काय आहे हे नीट पाहावं म्हणून सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडे काम दिलं गेलं. 1905-06 मध्ये त्याने तिथे नमुने गोळा केले, आणि ‘बडोदा सरकारला सादर केलेला अहवाल’ अशा मथळ्याचे दोन भाग 1909 आणि 1916 साली लंडनहून निघाले. हेतू व्यवहाराचा होता, शंख आणि मोत्यांचे शिंपले यांतून राज्याला काय मिळेल हे बघायचं होतं. पण हॉर्नेलने गोळा केलेले जीव एकेका जाणकाराकडे गेले. समुद्रपंख्यांच्या कुळातले जीव थॉमसन आणि क्रेन यांच्याकडे, स्पंज आर्थर डेंडी यांच्याकडे. उत्पन्नाचा हिशेब मागणाऱ्या राज्याने स्पंजांच्या अंगातल्या सूक्ष्म सुयांच्या वर्णनासाठी पानं छापू दिली, याचं मला फार मोल वाटतं. कारण त्या वर्णनांत एक गोष्ट सतत डोकावते: हा जीव अमुक दुसऱ्या जिवावर बसलेला सापडला. समुद्रात एकटं कोणी सापडत नाही. कोण कोणावर राहतं, हे लिहून ठेवणं ही तिथली अर्धी ओळख.

काळ्या पोवळ्याच्या बाबतीत तर मला हीच खरी गंमत वाटते. हे झाड म्हणजे जुना वाडा आहे. मालक जागचा हलत नाही, आणि प्रत्येक खणात वेगळं बिऱ्हाड.

सर्वांत आतलं बिऱ्हाड एका खवलेदार कृमीचं. तो फांदीला धरून राहतो, आणि पोवळं त्याला झटकून टाकण्याऐवजी त्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी बारीक उपफांद्या वाढवतं. त्या वर जाऊन एकमेकींना जुळतात आणि जाळीचा बोगदा तयार होतो. कृमी त्यातून ये-जा करतो. लक्षात घ्यायचं ते हे, की बोगदा कृमीने बांधलेला नाही. यजमानाने आपल्या वाढीची दिशा बदलून तो बांधला. पाहुण्यामुळे घराचा आराखडा बदलावा, आणि तो बदल दांड्यात कायमचा नोंदला जावा, हा काळ्या पोवळ्याच्या घडणीतला मला सर्वांत बारीक कारागिरीचा भाग वाटतो.

त्याच्या शेजारी ऑक्झिनास्पिस नावाचे बार्नेकल. एरवी बार्नेकल खडकावर, जहाजाच्या तळावर, मिळेल तिथे चिकटतात. हे मात्र काळ्या पोवळ्याचे सोबती. पोवळ्याची जिवंत साल त्यांच्या कवचावर चढते, इतकी की कधी कधी कवचावरही काटे उमटतात. बार्नेकल कुठे संपला आणि फांदी कुठे सुरू झाली, हे डोळ्यांना कळत नाही. तो पाय बाहेर काढून पाणी चाळायला लागला, की मगच कळतं.

तारेसारख्या जातींवर एक गोबी मासा राहतो, तीनेक सेंटिमीटरचा, अंगातून आरपार दिसणारा. पोट फांदीला टेकवून तो तारेच्या एका बाजूला असतो, आणि पाणबुड्या जवळ आला की सरकून पलीकडे जातो. एका तारेवर बहुधा एक जोडी. अंडी घालायच्या वेळी ते तारेच्या एका पट्ट्यावरची साल काढून टाकतात आणि उघड्या पडलेल्या काळ्या दांड्याभोवती अंड्यांचं कडं घालतात. जिवंत झाडावर काळा रंग दिसायची ही एक जागा. पोवळ्याला इथे जखम होते, हे खरंच आहे. सहवास म्हणजे सगळा गोडवा, असं मानून हे वाचलं तर अर्धी वीण सुटते. कृमीसाठी पोवळं वाढतं, गोबीसाठी सोसतं, आणि दोन्ही एकाच जातकुळीच्या अंगावर चालू असतं.

लांब नाकाचा हॉकफिश वेगळ्या प्रकृतीचा. त्याला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी नाही, म्हणून पोहण्यापेक्षा बसणं त्याला मानवतं. पांढऱ्या अंगावर लाल चौकड्या, आणि फांद्यांच्या जाळीत तो पंखांवर टेकून बसला की चौकड्या आणि फांद्या एकमेकींत मिसळतात. छायाचित्रकारांचा तो लाडका आहे, म्हणून त्याच्याबद्दल इथे आणखी लिहीत नाही.

सर्पताऱ्याबद्दल, म्हणजे तारामाशाच्या लांब, लवचीक हातांच्या नातेवाइकाबद्दल, लिहायलाच हवं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फिओर्डलँड नावाचा प्रदेश आहे. तिथे वर्षाला सहा-सात मीटर पाऊस पडतो. ते गोडं पाणी जंगलातल्या पानांचा अर्क घेऊन तपकिरी होतं आणि खाडीतल्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. खाली उजेड इतका कमी पोचतो की एरवी खोलात राहणारं काळं पोवळं तिथे पाच-दहा मीटरांवर भेटतं. जिवंतपणी ते पांढरं असतं, काळोख्या पाण्यात बहरलेलं पांढरं झाड. त्याच्या फांद्यांना सर्पतारा हातांचे वेढे घालून असतो. दिवसा तो गुंडाळलेला असतो. रात्री हात मोकळे करून फांदीवर साचलेला चिकट स्राव आणि त्यात अडकलेलं बारीकसारीक खातो. झाडाची झाडलोट होते, ताऱ्याचं पोट भरतं. तोच तारा त्याच झाडावर दीर्घकाळ राहतो, हे निरीक्षकांनी खुणा ठेवून पाहिलं आहे. झाडाच्या स्थिर रेषांना ताऱ्याच्या वळशांनी जी गती येते, ती मला या साऱ्या प्रकारातली सर्वांत सुंदर रचना वाटते.

आता वाड्याचं वय. हवाईजवळ काही शे मीटर खोलीवरून आणलेल्या लिओपॅथिस या काळ्या पोवळ्याच्या दांड्याचं वय रेडिओकार्बनने मोजलं गेलं, आणि 2009 साली प्रसिद्ध झालेला आकडा होता सुमारे 4265 वर्षं. म्हणजे कच्छच्या रणात धोलावीरा ऐन भरात होतं, तिथल्या टाक्यांत पावसाचं पाणी साठवलं जात होतं, तेव्हा हे झाड रुजलं. त्याचा दांडा वर्षाला पाच मायक्रॉनहून कमी जाड होतो, म्हणजे हजार वर्षांत अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी. पॉलिप मात्र इतके म्हातारे नव्हते. साल सतत नवी होत राहते, जुनं असतं ते घर. आणि त्या घराचा थर न् थर वरून झिरपत आलेल्या अन्नाचा बनलेला, त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाशी काय बदललं याची नोंद दांड्याच्या वलयांत राहते.

अशीच लिओपॅथिसची दाट राई भूमध्य समुद्रात, सार्डिनियाच्या नैर्ऋत्येला सापडली. तिथली झाडं दोन हजार वर्षांच्या घरातली. तिच्या फांद्यांवर संशोधकांना मुशीच्या एका लहान जातीची अंडी टांगलेली दिसली. चामड्यासारख्या पिशवीला चार कोपऱ्यांतून निघालेले पिळदार तंतू असतात, मादी ते फांदीला गुंडाळते, आणि पिल्लू बाहेर यायला काही महिने लागतात. एवढा वेळ न हलणारा, तळाच्या गाळापासून उंच आणि वाहत्या पाण्यातला आधार खोल समुद्रात दुसरा कुठला मिळणार? ही राई टिकली, कारण तिच्यावरून जाळी ओढली गेली नव्हती. तळ खरवडणाऱ्या जाळ्यात असं झाड अडकतं तेव्हा झाडाबरोबर कृमीचा बोगदा, बार्नेकल, पिशवीतली मुशी सगळंच वर येतं आणि डेकवरून फेकलं जातं.

आपल्याकडे हे झाड वेगळ्या वाटेने घरात येतं. महाराष्ट्रात आणि गुजरातेत ‘इंद्रजाल’ म्हणून काळी, चपटी, जाळीदार फांदी चौकटीत बसवून विकली जाते, दृष्ट लागू नये, धंद्यात बरकत यावी म्हणून. ज्यांनी ती श्रद्धेने भिंतीवर लावली त्यांच्यावर माझा राग नाही. आपण काय टांगलं आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. विकणारे तिला वनस्पती म्हणतात, मूळ म्हणतात. ती प्राण्यांच्या वसाहतीची हाडं आहेत, बहुतेकदा समुद्रपंख्याची, काही वेळा काळ्या पोवळ्याची. भिंगाखाली काट्यांच्या ओळी दिसल्या तर काळं पोवळं, दांडा काट्यांवाचून असला तर समुद्रपंखा. रसिकाला हा फरक कळायला हवा. खटला भरताना मात्र त्याने काही बदलत नाही. 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ आहे तिथे, काळी पोवळी आणि समुद्रपंखे या दोन्हींच्या झाडून साऱ्या जाती घातल्या गेल्या. विक्रीला शिक्षा तीन ते सात वर्षांची, आणि ‘हे काळं पोवळं नव्हे, समुद्रपंखा आहे’ असं सांगून विकणारा सुटत नाही.