‘मंदावला’ आणि ‘झाकला गेला’ : ताऱ्यांच्या प्रकाशक्षयावरून अज्ञात वस्तूंचा शोध

‘तारा क्षणभर मंदावला’ एवढेच सांगावयाचे असेल तर मराठीस कर्त्याची अडचण पडत नाही. क्रियापद अकर्मक आहे. मंदावणारा तारा हाच त्याचा कर्ता, आणि वाक्य तेथेच पुरे होते. परंतु ‘तारा क्षणभर झाकला गेला’ असे म्हटले की कोणाकडून, हा प्रश्न ऐकणाराच्या मनात उभा राहतो. ज्या प्रयोगास काही व्याकरणकार नवीन कर्मणी म्हणतात त्यात कर्ता उच्चारला नाही तरी गृहीत असतो. निरीक्षकाच्या नोंदवहीत ह्या दोन वाक्यांपैकी पहिलेच असते. ज्ञानाचा जो काही विस्तार व्हावयाचा तो दुसऱ्या वाक्याने होतो, आणि भ्रमाचाही त्यानेच होतो. ताऱ्यांच्या प्रकाशक्षयावरून पृथ्वीच्या आसपासच्या अथवा सूर्यमालेतील न दिसणाऱ्या वस्तू शोधण्याच्या प्रयत्नांकडे प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने पाहावयाचे आहे. ज्योतिषशास्त्रात लेखकाचा अधिकार नाही. पण अनुमान भाषेत मांडले जाते, आणि तेवढ्यापुरता भाषाभ्यासकाचा अधिकार मान्य होण्यास हरकत नसावी.

एका खस्थ पदार्थाने दुसऱ्यास झाकण्यास आपल्याकडे ‘पिधान’ ही संज्ञा रूढ आहे. चंद्राकडून रोहिणीचे पिधान होते, असे आपण म्हणतो. हा शब्द मूळचा ‘अपिधान’. ‘अपि’ ह्या उपसर्गातील आद्य अकाराचा लोप भागुरी नावाच्या प्राचीन वैयाकरणास संमत होता, आणि पुढे लोप झालेले रूपच रुळले. झाकण्याच्या अर्थाचा शब्द स्वतःच आरंभी झाकला गेला आहे! मात्र तेथे अकार होता हे आपणांस कशाने कळते? ‘अपिधान’ हे पूर्ण रूप अन्यत्र आढळते म्हणून. पाणिनीने लोपाचे लक्षण ‘न दिसणे’ असे केले आहे. परंतु जे मुळात अपेक्षितच नव्हते त्याच्या न दिसण्यास कोणी लोप म्हणत नाही. अभाव अर्थपूर्ण व्हावयाचा तर भावाची जागा आधी ठरलेली असावी लागते. ताऱ्याचा स्थिर प्रकाश ही ती जागा होय.

कर्त्याची ही ओढ किती बलवत्तर आहे ह्याचा पुरावा दूर शोधण्याचे कारण नाही. सूर्य आणि चंद्र निस्तेज होतात ह्या अकर्मक अनुभवास आपल्या पूर्वजांनी ‘ग्रासला’ हे सकर्मक क्रियापद दिले, आणि त्या क्रियापदाने राहूस जन्म दिला. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ग्रहणाचा खुलासा पृथ्वीच्या व चंद्राच्या छायांनी केला तरी राहू पंचांगातून गेला नाही, आणि ‘खग्रास’ हा शब्द आजही आपण निर्वेधपणे वापरतो. एकदा नाम झाले की ते सहसा मरत नाही.

आधुनिक शोधाची मूळ कल्पना सोपी आहे. जी वस्तू इतकी लहान वा काळी आहे की कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही, ती एखाद्या ताऱ्याच्या आड आली तर ताऱ्याचा प्रकाश क्षणमात्र घटेल. सूर्यमालेतील ‘अदृश्य’ पदार्थ अशा रीतीने शोधता येतील काय, असा प्रश्न मार्क बेली यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात उपस्थित केला. पुढल्याच वर्षी ह्या पद्धतीचे सामर्थ्य, आणि तिच्यातील भाषिक धोकाही, एकाच घटनेत प्रकट झाला.

१० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी विमानात बसविलेल्या दुर्बिणीतून हिंदी महासागरावरून त्याचे निरीक्षण करीत होते. तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेतही जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी त्याच ताऱ्याकडे लक्ष ठेवून होते. ग्रह ताऱ्याच्या आड येण्यापूर्वीच तारा मंदावला. कावलूरच्या निरीक्षकांनी ह्या मंदावण्यास जो कर्ता दिला तो उपग्रह होता, आणि ‘नेचर’मध्ये त्यांचे वृत्त युरेनसच्या नव्या उपग्रहाच्या नावानेच प्रसिद्ध झाले. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. विमानातील निरीक्षकांच्या मनातही प्रथम लहान उपग्रहांचाच विचार आला होता. परंतु विमानातील नोंद ग्रहाच्या दोन्ही बाजूंची होती. अलीकडे पाच वेळा प्रकाश घटला होता, पलीकडेही पाच वेळा, आणि ह्या घटी ग्रहाच्या दोहों अंगांस परस्परांशी जुळत होत्या. सर्वांत बाहेरच्या घटीत जो थोडा विसंवाद होता त्याचाही उलगडा ते वलय किंचित दीर्घवर्तुळ आहे असे मानल्याने झाला. उपग्रह दोन्ही बाजूंना अशा शिस्तीने उभे राहत नाहीत, वलये राहतात. सुटा शब्द वाक्यात ठेवल्यावर त्याचा अर्थ निश्चित व्हावा तसाच हा प्रकार. कावलूरची नोंद खोटी नव्हती. तिला वाक्याचा उत्तरार्ध मिळाला नव्हता.

कर्ता देण्याची घाई कशी अंगावर येते ह्याचे अधिक बोधप्रद उदाहरण २००६ मधले आहे. वृश्चिकेतील एका तेजस्वी क्ष-किरणस्रोताच्या उपग्रहावरून घेतलेल्या नोंदींत तैवानच्या संशोधकांस सेकंदाच्या सहस्रांशांइतके टिकणारे ५८ प्रकाशक्षय सापडले, आणि ते नेपच्यूनपलीकडील लहान पिंडांनी केलेले पिधान होय असे त्यांनी प्रतिपादिले. पुढे असे दिसून आले की त्यांपैकी बहुतेकांचे मूळ आकाशात नसून यंत्रात होते : एखादा अतिशक्तिमान कण संवेदकावर आदळला की तो क्षणभर बधिर होतो आणि प्रकाश घटल्यासारखा भासतो. कर्ता सापडला, पण तो दूरच्या अंधारात नव्हे, पाहणाऱ्याच्या डोळ्यातच.

ह्या पार्श्वभूमीवर रिचर्ड स्टँटन यांचा २०२५ मध्ये ‘अ‍ॅक्टा अ‍ॅस्ट्रोनॉटिका’त आलेला निबंध वाचावयास हवा. स्टँटन हे निवृत्त अभियंते. कॅलिफोर्नियातील बिग बेअर येथे सुमारे ७६ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने ते वर्षानुवर्षे सूर्यासारखे तारे न्याहाळीत आले आहेत. त्यांचा मूळ हेतू परक्या बुद्धिमान जीवांनी सोडलेले प्रकाशस्पंद शोधण्याचा. १४ मे २०२३ रोजी सप्तर्षी तारकासमूहातील, सुमारे १०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ताऱ्याच्या नोंदीत त्यांस दोन स्पंद आढळले. प्रत्येक वेळी तारा आधी उजळला, मग मंदावला, पुन्हा उजळला आणि सुमारे ०.२ सेकंदात मूळ स्थितीस आला, ४.४ सेकंदांनी हाच क्रम बारकाव्यांसह पुन्हा घडला. मग जुन्या नोंदी चाळता २०१९ मधील ५१ पेगासी ह्या ताऱ्याच्या नोंदीतही तसेच युगुल निघाले. (सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला तो ह्याच ताऱ्याभोवती.) तत्पूर्वी हे युगुल पक्ष्यांच्या खाती टाकले गेले होते.

प्रस्तुत लेखकास ह्या निबंधातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. ‘पक्षी’ हा कर्ता २०१९ मध्ये फुकट दिला गेला होता. ताशी ३६ किलोमीटर वेगाने दुर्बिणीसमोरून जाणारा पक्षी तिचे तोंड सेकंदाच्या दशांशाच्या आसपास ओलांडील, तेव्हा ही कल्पना वेडगळ नव्हती. पण पक्ष्याने तारा मूळच्यापेक्षा उजळ का व्हावा, हे कोणी विचारले नाही. क्षुल्लक कर्ता सहज मान्य होतो, अद्भुत कर्त्याकडे मात्र पुरावा मागितला जातो. व्याकरणदृष्ट्या दोघांचेही कर्तृत्व सारखेच असिद्ध आहे.

स्टँटन यांनी विमान, उपग्रह, उल्का, वातावरणाची थरथर अशी नेहमीची कारणे एकेक करून बाजूस सारली, आणि कारण आपल्या सूर्यमालेतच असावे अशी शक्यता मोकळी ठेवली. निबंधाच्या शीर्षकात त्यांनी स्पंदांस ‘खुलासा न झालेले’ असे विशेषण लावले, नाम दिले नाही, हा त्यांचा संयम स्तुत्य आहे. तथापि ह्या युक्तिवादाची मर्यादा सांगितली पाहिजे. नैयायिक ज्यास परिशेष म्हणतात, म्हणजे इतर सर्व पर्याय नाकारून उरलेला स्वीकारणे, ते अनुमान पर्यायांची यादी पूर्ण असेल तरच साधते. येथे यादी पूर्ण आहे असे कोण म्हणेल? शिवाय दोन स्पंद एकमेकांसारखे आहेत हा पुरावा भासतो तितका बळकट नाही. एकाच साक्षीदाराने तेच वाक्य दोनदा उच्चारले म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत. ही पुनरुक्ती स्पंद यदृच्छेने आले नाहीत एवढेच दाखविते. ते कोठून आले हे नाही.

खरी अडचण अशी की एका दुर्बिणीतील प्रकाशक्षय हा अनेकार्थी शब्द आहे. तारा इतका दूर असतो की त्याच्या प्रकाशात वस्तूची छाया वस्तूएवढीच पडते. ४०० किलोमीटर उंचीवर सेकंदास सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १० मीटर लांबीच्या वस्तूची छाया दुर्बिणीवरून सेकंदाच्या सुमारे ७००व्या भागात निघून जाईल. ह्याच कालावधीची घट वेगळ्या अंतरावरील, वेगळ्या आकाराची, वेगळ्या वेगाची वस्तूही करू शकेल. कालावधी हा आकार आणि वेग ह्यांचा भागाकार आहे. एका संख्येवरून दोन संख्या कशा काढणार? छायेच्या कडेस विवर्तनाने उजळ पट्टे उमटतात आणि त्यांची रुंदी अंतराबरोबर वाढते : ४०० किलोमीटरवरील वस्तूसाठी त्यांचे मान मीटरच्या तृतीयांशाइतके, तर नेपच्यूनपलीकडे ते एक किलोमीटरहून अधिक. पण ही रुंदीही नोंदीत सेकंदांतच उमटते. वेग ठाऊक नसेल तर तिचे मीटर होत नाहीत. उपाय एकच, परस्परांपासून पुरेशा अंतरावर दुसरी दुर्बीण. छाया एकीकडून दुसरीकडे किती वेळात गेली हे कळले की वेग कळतो, वेगावरून आकार, आणि पट्ट्यांवरून अंतर. जपानच्या मियाको बेटावर दोन २८ सेंटिमीटरच्या दुर्बिणींनी एकाच वेळी टिपलेल्या एका क्षयावरून सुमारे १.३ किलोमीटर त्रिज्येचा दूरस्थ पिंड २०१९ मध्ये जाहीर झाला. वेग मोजण्याइतके त्या दुर्बिणींत अंतर नव्हते. पण साक्षी दोन होते, आणि एका यंत्राच्या लहरीचा संशय तेवढ्याने फिटला.

आता संज्ञेचा प्रश्न. अशा वस्तूंस मराठीत सरसकट ‘अज्ञात वस्तू’ म्हटले जाते. ह्यात दोन चुका आहेत. ‘वस्तू’ म्हणताच झाकणारा कोणी आहे हे मान्य झाले. ‘अज्ञात’ म्हणताच न कळणे हा जणू त्याचा गुणधर्म ठरला. राहूचा जन्म असाच झाला. त्यापेक्षा प्रेतासंबंधी पोलीस जो शब्दप्रयोग करतात तो अधिक नेमका आहे : ओळख पटलेली नाही. ‘पटणे’ म्हणजे खात्री होणे. पटावयाचे ते आपणांस, आणि न पटल्याची उणीवही आपलीच. ‘ओळख न पटलेला प्रकाशक्षय’ ही संज्ञा लांबट आहे खरी, पण तिच्यात कर्ता चोरपावलांनी शिरत नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. नोंदीस जे नाव दिले जाते त्यावर ती ठेवावयाची की टाकावयाची हे ठरते. हबल दुर्बिणीस दिशेवर स्थिर ठेवणाऱ्या संवेदकांच्या साडेचार वर्षांच्या नोंदी कोणत्याही शोधासाठी घेतल्या नव्हत्या. त्या जपून ठेवल्या होत्या म्हणूनच हिल्के श्लिश्टिंग व त्यांचे सहकारी २००९ मध्ये त्यांतून ०.३ सेकंदाचा एक क्षय, आणि त्यावरून सुमारे एक किलोमीटर व्यासाचा पिंड, हुडकू शकले. ५१ पेगासीची नोंदही ‘पक्षी’ म्हणून पुसली गेली असती तर २०२३ च्या युगुलास तुलनेसाठी दुसरे युगुल उरले नसते. प्रयोगशाळेत टाकाऊ नोंदींच्या रकान्यावर काय लिहावयाचे हे कनिष्ठ साहाय्यकावर सोपविलेले असते. त्या रकान्यात ‘मंदावला’ एवढेच क्रियापद लिहावे, कर्त्याची जागा रिकामी ठेवावी आणि वेळ सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत नोंदवावी.