अरुणोदयानंतरचा दिवस

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी प्रथम ऐकली ती हसण्यासाठी. सुटीत रात्रीची जेवणे झाली, की वडील आम्हां मुलांना ते पुस्तक मोठ्याने वाचून दाखवीत. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे ते सोवळ्याचे वेड, टिळकांचे न सांगता घरातून नाहीसे होणे, हाती आलेल्या पैशाने त्यांच्या खिशात मुक्काम न करणे, हे सारे ऐकताना आमची आजीसुद्धा तोंडाला पदर लावून हसे. पुढे कॉलेजात हेच पुस्तक 'आत्मचरित्राचा उत्तम नमुना' म्हणून भेटले. भाषेचा साधेपणा, निवेदनातला प्रांजळपणा, विनोदाची निर्मळता असे चार मुद्दे आम्ही वहीत उतरवून घेतले आणि परीक्षा देऊन मोकळे झालो. ह्या वर्षी, केस पांढरे झाल्यावर, ते पुन्हा हाती घेतले. आणि एका मोठ्या गोष्टीच्या शेजारून आपण दोनदा नुसतेच निघून गेलो, असे मनाला लागून राहिले.

ती गोष्ट कोणती हे सांगायचे, तर थोडे मागे जायला हवे. मराठीत ख्रिस्ती माणसाच्या जीवनावर जे आरंभीचे लेखन झाले, त्यात बाबा पदमनजींचे नाव पहिले. त्यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ सालची. विधवांची दुःखे तीत कळवळून सांगितली आहेत, यात शंका नाही. पण यमुना बोलू लागली, की तिच्या आडून लेखक बोलतो आहे हे वाचकाला कळते. त्यांनी आपले आत्मचरित्रही लिहिले, आणि त्याला नाव दिले 'अरुणोदय'. नाव अगदी अन्वर्थक आहे. त्या पुस्तकाचा सारा ओघ १८५४ साली झालेल्या त्यांच्या बाप्तिस्म्याकडे धाव घेतो. अंधार, तळमळ, वाद, आणि मग पूर्वेला तांबडे फुटणे! धर्मांतराच्या कथेला हा घाट साजूनही दिसतो.

परंतु सूर्य उगवला म्हणजे दिवस संपत नाही. तो सुरू होतो. पाणी भरायचे असते, चूल पेटवायची असते, मुलाचा ताप पाहायचा असतो. 'स्मृतिचित्रे' हे मला अरुणोदयानंतरच्या दिवसाचे पुस्तक वाटते. श्रद्धा स्वीकारणे हा एका क्षणाचा पराक्रम असेल. ती रोज, कोणी पाहत नसताना, निभावणे हे आयुष्यभराचे काम आहे. ते काम करणारी साधी ख्रिस्ती माणसे मराठी साहित्यात हाडामांसाची होऊन आली ती मुख्यतः ह्या पुस्तकात. ते आधी 'संजीवनी' साप्ताहिकातून येऊ लागले, आणि त्याचा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने निघाला. एका अर्थी ते आले ते वर्तमानपत्राच्या वाटेने, म्हणजे रोजच्या जगण्याच्याच वाटेने.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षे म्हणजे ह्या पुस्तकाचा कणा होय. नवरा ज्या वाटेने गेला त्या वाटेने डोळे मिटून जाणे त्यांना सोपे होते. कायमची पाठ फिरवणेही समाजाला मान्य झाले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. प्रथम त्या मुलाला घेऊन दूर राहिल्या, नंतर नवऱ्याजवळ आल्या. पण आल्या त्या आपले सोवळे, आपले पाणी, आपला वेगळा स्वयंपाक घेऊन. जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे, हे त्यांच्या मनाने घेतले ते त्याच्या वेळेने. आणि एकदा घेतल्यावर मात्र त्यांनी त्याचे व्याख्यान केले नाही. हातातल्या पाण्याच्या भांड्याने ते सिद्ध केले. प्रवचनकाराला जे शंभर पानांत साधत नाही, ते ह्या बाईला एका घोटात साधते.

पुढचा संसार तर पाहुण्यांचा, अनाथ मुलांचा आणि आजाऱ्यांचा आहे. प्लेगच्या दिवसांत ज्या माणसांपासून त्यांचे सगेसोयरे दूर पळत होते, त्यांची सेवा ह्या घराने केली. आपले लाडके बालकवी ठोमरे नगरला ह्याच घरात राहिले. बालकवी रुसत, हट्ट करीत, आणि लक्ष्मीबाई आईच्या मायेने त्यांची समजूत काढीत. एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. धर्मोपदेश हेच ज्या घराचे काम, त्या घरात राहून बालकवी १९१८ साली गेले ते हिंदू म्हणूनच. त्या घराने त्यांना दिले ते जेवण, जागा आणि जिव्हाळा. त्याची पावती मागितली नाही. टिळकांनी आरंभलेले आणि त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे चालवले, तेही ह्याच वृत्तीने, शेजघरातले अर्धे राहिलेले काम घरच्या बाईने हाती घ्यावे तसे.

हे सारे मला आताच का दिसले? त्याला कारण एक कप आहे.

मी आठनऊ वर्षांचा असताना आईला क्षयाने गाठले. तालुक्याच्या गावी रोज सुई टोचायला माणूस कोठून मिळणार? मिशनच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई आपली पाळी संपवून संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागल्या. महिनोन्‌महिने आल्या, पावसात आल्या, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही आल्या. आपल्या धर्माबद्दल एक अक्षर कधी बोलल्या नाहीत. "तुम्ही रोज का येता हो?" असे मी एकदा विचारले, तेव्हा सुई उकळत्या पाण्यातून काढता काढता म्हणाल्या, "दुखणं रोजचं आहे ना, बाळ."

त्यांच्या चहासाठी आजीने एक कान तुटलेला कप ओसरीच्या कोनाड्यात ठेवला होता. तो आत यायचा नाही हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या चहा घेत, कप स्वतः विसळीत, आणि कोनाड्यात पालथा घालून ठेवीत. नाताळला त्यांनी करंज्यांचा डबा आणला. आजीने तो तसाच मोलकरणीला दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "आवडल्या का रे करंज्या?" मी म्हणालो, "हो." त्या खूष झाल्या. आई बरी झाली, त्यांचे येणे थांबले. आजीला मी दोष देत नाही. तिने आयुष्यभर जे पाहिले तेच केले. पण तो 'हो' माझा होता.

'स्मृतिचित्रां'तले सोवळ्याचे प्रसंग वाचताना आम्ही जे हसत होतो, ते त्या कोनाड्यापासून दहा पावलांवर बसून! लक्ष्मीबाईंच्या विनोदाला कडवटपणा का शिवत नाही, हे आता मला कळते. त्या कपाच्या दोन्ही बाजूंना त्या राहून आल्या होत्या. कप वेगळा ठेवणारा हातही त्यांचाच होता, आणि पुढे वेगळ्या कपातून पिणाऱ्यांत त्या स्वतः जाऊन बसल्या. म्हणून त्या कोणावर रागावत नाहीत, आणि कोणाला सोडीतही नाहीत.

ह्या पुस्तकाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजात फार मोठा भाग महार-मांग कुटुंबांतून आलेला. खेड्यातला शाळामास्तर, दारोदार जाणारी बायबलबाई, दवाखान्यातली परिचारिका ही माणसे बहुतेक त्यांतलीच. लक्ष्मीबाईंची नजर प्रेमळ, पण ती वरच्या जातीतून येऊन पोहोचलेल्या बाईची नजर आहे. हा प्रवास त्यांनी अप्रतिम रंगवला. जे त्या मुक्कामी आधीपासून होते, त्यांना आतून पाहणे त्यांच्या पुस्तकाला तितके साधले नाही. आमच्या नर्सबाईंना त्या वेगळ्या कपाचे काय वाटत होते, हे 'स्मृतिचित्रे' मला सांगू शकत नाहीत. ते त्यांनीच लिहायला हवे होते. आणि त्यांना संध्याकाळी आमच्या घरी यायचे होते.

तरीही अशा माणसाकडे पाहावे कसे, हे मला ह्याच पुस्तकाने शिकवले. निष्ठा ही देवळाच्या घंटेसारखी वाजतेच असे नाही. कित्येकदा ती विसळून पालथ्या घातलेल्या कपासारखी मुकाट असते. वाचकहो, ह्या दिवाळीत फराळाची ताटे शेजारीपाजारी जातील. दीड महिन्याने एखाद्या घरून नाताळच्या करंज्या आपल्याकडेही येतील. त्या खाऊन पाहा; म्हणजे कोणी विचारले, तर 'हो' म्हणताना मान खाली घालावी लागणार नाही.