रुग्ण कुत्रा आणि त्याची कथा

असाध्य व्याधीनें ग्रासलेल्या कुत्र्याच्या शुश्रूषेविषयीं जें वृत्तान्तवाङ्मय इंग्रजींत वाढत चाललें आहे, त्याकडे टीकाकाराची दृष्टि सहसा जात नाहीं. परंतु घरगुती म्हणून तें सोडून द्यावें, असें आम्हांस वाटत नाहीं. अशीं कथनें वाचून लोक आपल्या मुक्या प्राण्यावर कोणता उपचार करावयाचा हें ठरवितात. आणि ज्या लेखनावर एका जिवाचा निर्णय अवलंबून असतो, त्याची परीक्षा कादंबरीहूनही कडक व्हावयास हवी.

या वृत्तान्ताचा सांचा ठरलेला आहे. डॉक्टर हात टेकतात. कोणी स्नेही होमिओपॅथीच्या गोळ्या, सूचिचिकित्सा, हळद किंवा एखादें अळंबें सुचवितो. तिसऱ्या दिवशीं कुत्रा शेपूट हालवितो. आणि लेखकाची लेखणी तेथेंच प्रसन्न होऊन थांबते. चौथा आठवडा या कथांत क्वचितच उगवतो. ज्यांचे कुत्रे त्याच औषधावर असतां गेले, ते बहुधा लिहावयास बसतच नाहींत. कथानकाचा हा दोष म्हणजे पुराव्याचाच दोष होय.

शेपूट हालली हें खोटें, असें आमचें म्हणणें नाहीं. पाहणारा डोळाच आशेनें पढविलेला असतो. सांधेदुखीनें लंगडणाऱ्या आणि केवळ निष्क्रिय औषध दिलेल्या कुत्र्यांची एक पाहणी २०१२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. पायावरील भार मोजणारें यंत्र कांहीं फरक नाहीं असें सांगत असतांही अनेक धन्यांना सुधारणा दिसली. आणि, याचें आम्हांस अधिक नवल वाटलें, पशुवैद्यांनाही ती दिसली! त्याच वर्षीं पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतून टर्की टेल नांवाच्या अळंब्याच्या अर्कावर एक निबंध आला. प्लीहेचा हेमँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरांतून उद्भवणारा अत्यंत घातक कर्करोग, झालेले अवघे १५ कुत्रे त्या प्रयोगांत होते, आणि औषधावांचून ठेवलेला तुलनेचा गट नव्हता. सर्वांत मोठी मात्रा मिळालेल्या गटाचा मध्यक जीवनकाल १९९ दिवस भरला, आणि या आंकड्यानें पुष्कळांना आशा लावली. पुढें २०२२ सालीं १०१ कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत तसा लाभ आढळला नाहीं. वेदनाशामक औषधाच्या जोडीला कोणी सूचिचिकित्सा करवून घेतली, तर आमची तक्रार नाहीं. त्याच्या जागीं करवून घेतली, म्हणजे मात्र किंमत कुत्रा देतो.

अशा वेळीं आपल्याकडे युधिष्ठिराचें नांव हटकून निघतें. महाप्रस्थानिक पर्वांत तो कुत्र्याला टाकून स्वर्गांत जावयास नकार देतो, हें खरें. पण त्या नकारापायीं कोणाचें काय जाणार होतें? स्वर्ग जाणार होता तो युधिष्ठिराचाच. आजचा धनी ‘मी याला सोडणार नाहीं’ असें म्हणतो, तेव्हां त्या बाणेदारपणाचें मोल श्वास कोंडलेला कुत्रा मोजीत असतो. शिवाय तो कुत्रा व्याधिग्रस्त नव्हता, आणि अखेर प्रत्यक्ष धर्मच निघाला. आमच्यापुढील प्रश्न व्यासांपुढें आलाच नाहीं.

या वृत्तान्तांहून एक रुक्ष कोष्टक आम्हांस सरस वाटतें. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनीं २००४ सालीं तें मांडलें. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांहून चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहींत, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज पस्तिसांच्या वर असली, तर शुश्रूषा चालू ठेवण्यास आधार आहे असें समजावयाचें. बेरजेंत धोका आहे. भूक उत्तम असली म्हणजे वेदनेचें शून्य तिच्याआड दडतें. तथापि कोष्टक पुनः पुनः भरावें लागतें, आणि भरतांना आजचा कुत्रा पाहावाच लागतो.

खऱ्या कलावंतांनींही हेंच केलें आहे. स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) या कादंबरिकेंत कँडीचा म्हातारा, संधिवातानें जखडलेला कुत्रा दुसराच गडी बाहेर नेऊन गोळी घालतो. कँडीला पुढें खंत वाटते ती कुत्रा मेल्याची तितकी नव्हे, तर तें काम आपण परक्या हातीं सोंपविलें याची. कुत्झीच्या ‘डिसग्रेस’मधील (१९९९) लूरी, हा आमचाच व्यवसायबंधु, जनावरांच्या दवाखान्यांत नको झालेल्या कुत्र्यांच्या मरणाला हात लावतो. त्यांतील एका पांगळ्या कुत्र्याचा त्याला लळा लागतो. त्याला आणखी एक आठवडा ठेवून घेणें लूरीच्या हातीं असतें. तो आठवडा कुत्र्याला हवा आहे कीं आपल्याला, हें तो मोठ्यानें विचारीत नाहीं. आणि लेखकही त्याला शाबासकी देत नाहीं कीं दोष देत नाहीं. लूरी त्या कुत्र्याला उचलून आंत घेऊन जातो, आणि कादंबरी तेथें संपते.